बंड्याचं कपाळ गार होतं

सोमवार, १२ जानेवारी

ती. सौ. वहिनीस नमस्कार.

तू सुखरूप बाळंत झालीस, मुलगी झाली, हे दादाने कळवलं. ऐकून बरं वाटलं. वजन चांगलं आहे म्हणे, जावळही भरपूर. नाक मात्र माझ्यावर गेलंय, असं तो म्हणाला. बिचारीचं नशीब! अंगावर पितेय ना नीट? थंडी आहे, पाठ उघडी टाकू नकोस, वेळेवर जेव. मी बरी आहे.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मीच तुझी समजूत काढत बसते. आता रड पाहिजे तेवढं, मला ऐकू येणार नाही.

दादाबरोबर निरोप धाडलास, की पाळणाघर कधी उघडणार, बंड्याने नाकी नऊ आणलेत, एकदा त्याला आत्याकडे सोडलं की मी सुटले. धन्य आहेस बाई! पाळणाघर आता उघडणार नाही. गाद्या देऊन टाकल्या, खेळणी जाळली, पाळणे भंगारवाला घेऊन गेला. खिडकीजवळचा एकच ठेवलाय, मुंगीचा. तो उचलायला भंगारवाला पुढे झाला तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेले.

मुंगी आठवते ना? कारखान्यात शर्टांना कॉलर लावते, त्या शिवणवालीची मुलगी. दिवस भरायच्या आधीच जन्मली, म्हणून एवढीशी. दुपारच्या सुट्टीत आई धापा टाकत यायची, तिला पाजायची आणि स्वतः न जेवताच परत पळायची. बंड्याचा तिच्यावर भारी जीव. आल्या आल्या बूटही न काढता तिच्या पाळण्याशी. खुळखुळा आधी आपल्या तोंडात घालायचा, मग तिच्या. मी ओरडले की म्हणायचा, "आत्या, मी तिला गोड करून देतो."

माझा दारातला नियम तुला माहीत आहे. प्रत्येक पोराच्या कपाळाला पालथा हात लावायचा, गरम लागलं की उंबऱ्यातूनच परत. नर्सबाईची ड्यूटी असो, मास्तरणीची परीक्षा असो, मी कुणाची गयावया ऐकली नाही. आया पाठीमागे मला फौजदारीण म्हणायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू! माझ्या हाताला सगळं कळतं, अशा तोऱ्यात मी होते.

आणि तू? त्या दिवशी तुझी साहेबांसमोर मुलाखत होती, बढतीची. रजा घेतली असतीस तर जागा दुसऱ्या बाईला गेली असती. म्हणून बंड्याला घरूनच तापाचं औषध पाजून आणलंस, आणि माझ्या दारात साळसूदपणे म्हणालीस, "बघा हं आत्याबाई, कपाळ अगदी गार!"

गारच होतं. नाक तेवढं वाहत होतं. मी नाकाकडे बघितलं तर तू हसलीस. "साधी सर्दी गं! लहान पोरांना असतेच."

असते. पुढे मुंगीला दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईसुद्धा हेच म्हणाल्या. सर्दी करणारे विषाणू ढिगाने असतात, आणि मोठ्यांना किंवा बंड्याएवढ्या पोरांना त्यांचं विशेष काही नसतं. नाक गळतं, खोकला येतो, आठवडाभरात पोर पुन्हा उड्या मारतं. पण त्यातलाच एखादा एवढ्याशा बाळाच्या छातीत उतरला, की आतल्या केसाएवढ्या नळ्या सुजतात, चिकट घाणीने बुजतात, आणि बाळाला श्वास घेता येत नाही की सोडता येत नाही. मुंगीच्या नाकातलं पाणी तपासून त्यांनी नावही सांगितलं, आरएसव्ही. मी म्हटलं, मग जोरदार अँटिबायोटिक द्या ना! त्या म्हणाल्या, विषाणूला ते लागू पडत नाही. ऑक्सिजन लावायचा, नळीने दूध द्यायचं आणि बाळ झुंजतंय का ते बघत बसायचं.

"ताप तर नव्हता हो," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "इतक्या लहान बाळाला येईलच असं नाही. आणि दुसऱ्याला देणाऱ्यालाही असायलाच हवा असं नाही. आजी, कपाळ कसलं बघता? नाक बघा, हात धुवायला लावा." आजी म्हणाल्या मला. माझा सगळा तोरा तिथल्या तिथे उतरला.

मुंगी आधी दूध ओढेना. दोन घोट घ्यायची, सोडून द्यायची आणि दमायची. मग प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत जायला लागली. नाकपुड्या फुलत होत्या, ओठ निळसर झाले होते. रडायला तोंड उघडायची, पण आवाज नव्हता. शेवटपर्यंत आवाज नव्हता, वहिनी.

मुंगी गेली. महिना होत आला. दादाला माहीत आहे. "तिचे दिवस भरलेत, तिला आत्ता काही कळू देऊ नकोस," असं म्हणून त्याने माझ्यापुढे हात जोडले, म्हणून मी तोंड शिवून बसले. तू त्या दिवसांत मला बढतीची बातमी दिलीस आणि मी तुझं अभिनंदन केलं. आता तू बाळंत झालीस. आता तुला कळायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र दादालाही माहीत नाही. त्या सकाळी बंड्याने माझ्या गळ्यात हात टाकले तेव्हा त्याच्या तोंडाला त्या गुलाबी औषधाचा वास आला होता. इतकी पोरं सांभाळली मी, तो वास मला झोपेतही कळेल. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर त्याच्या आईला चार शब्द सुनावून परत धाडलं असतं. पण पोर दादाचं. आणि परत पाठवलं असतं, तर तू चारचौघांत नाक मुरडून म्हणाली असतीस, सख्खी आत्या म्हणे! तेवढ्याला भ्यायले मी. त्याला कडेवर घेऊन आत गेले आणि खिडकीपाशी सोडलं.

हे मी तुलाच लिहितेय, कारण तू ते कुणाला सांगणार नाहीस. सांगितलंस, तर आधी औषधाची बाटली काढून दाखवावी लागेल.

काल शिवणवाली आली होती. मुंगीची टोपडी-लंगोट माझ्याकडेच राहिले होते. घड्या घालता घालता तिने विचारलं, "कुणाला सर्दी होती हो?" मी सांगितलं. तुमचं घर कुठे, तेही सांगितलं. औषधाचंही सांगितलं. वासाचं तेवढं नाही सांगितलं.

मला वाटलं, ती तुला शिव्या घालेल, केस ओढेल. पण ती टोपडं नाकाशी धरून बसून राहिली. मग म्हणाली, "त्यांना बाळ झालंय ना? मी बघून येऊ? भांडायला नाही जाणार. एकदा मांडीवर घेईन, एवढंच. रिकाम्या हातांनी राहवत नाही." मी नको म्हणाले नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? येत्या रविवारी ती तुझ्याकडे येईल.

येताना मुंगीची टोपडीही आणणार आहे, तुझ्या लेकीला. टोपड्यांना नाही म्हणू नकोस.

आणि हो, बोलताना ती सारखी नाक पुसत होती. मधूनमधून खोकतही होती. मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही हो, साधी सर्दी."

तेव्हा रविवारी दारात तू उभी राहा. तिच्या कपाळाला हात लावून बघ हवं तर, गारच लागेल. मग तिच्या डोळ्यांत बघ आणि तिला सांग, की माझ्या बाळाला हात लावू नकोस, तुला सर्दी आहे. मला तुझ्या तोंडावर तेवढं म्हणता आलं नव्हतं. तुला येतं का बघ.

दादाला नमस्कार. बंड्याला माझी आठवण सांगू नकोस, तो मुंगीचं विचारेल.

पत्राच्या शेवटी बाळाला गोड पापा लिहायचा असतो. तो मी लिहीत नाही, आणि तूही तिला कुणाला घेऊ देऊ नकोस.

तुझी नणंद