आई थायलंडला, मी काळाचौकीला

काळाचौकी, मुंबई
सोमवार, संध्याकाळ

तीर्थरूप महादेवमामा आणि मामी यांच्या चरणी रघुवीरचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात मी खुर्चीवर बसूनच लिहितोय. आत्ता साष्टांग घातला तर परत उठेन याची खात्री नाही.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? यंदा माकडांनी तुमच्यासाठी एखादा तरी फणस ठेवला का? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहितो. फोन न करता पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही अंदाजाने भरून काढता. परवा नूपुरने तिकडून तुम्हाला फोन केला आणि "बाबा मुंबईला परत गेले" असं सांगितलं, त्यातलं तुम्ही "बाबा गेले" एवढंच ऐकलंत आणि मामींनी रडायला सुरुवात केली, असं कळलं. तर मामा, मी आहे. फार उत्साहात नाही, पण आहे.

आता काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला माहीतच आहे, परळला गिरणीच्या जागेवर जो काचेचा टॉवर उभा राहिलाय, तिथल्या एसीची देखभाल मी बघतो. (बाबा त्याच आवारात कापडाचे साचे चालवून घामाने भिजायचे. मी तिथेच लोकांना गारवा पुरवतो. एका घराने एका जागेची आणखी किती सेवा करावी?) तिथे नवीन मशीन येणार म्हणून कंपनीने मला आणि माझ्याबरोबरच्या धनेशला ट्रेनिंगसाठी बँकॉकला पाठवायचं ठरवलं. ही बातमी मी घरी सहज जेवताना सांगितली, आणि जेवण संपायच्या आत किर्तीने ठरवलं की ट्रेनिंग संपलं की दुसऱ्या दिवशी ती, नूपुर आणि आई अशा तिघी बँकॉकला उतरतील आणि तिथून सगळे मिळून समुद्रकिनाऱ्यावर जातील. कोकणातली माणसं समुद्र बघायला परदेशात चाललीत, यावर चाळीत बरंच हसून झालं. मीही हसलो. आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "दर्यार मी कामाक गेलंय. बसाक कधी जावक नाय." खरं आहे ते. लहानपणी तुमच्याबरोबर किनाऱ्यावर गेली ती मासळी आणायला, लग्नानंतर मुंबईत आली ती थेट नळाच्या रांगेत. गिरगाव चौपाटीलासुद्धा ती फक्त विसर्जनाला गेलीय, आणि तेव्हा सगळं लक्ष आमचे हात धरण्यात. त्यानंतर मात्र कोणी हसलं नाही. लालबागला जाऊन तिच्यासाठी स्पोर्ट्‌स शूज आणले. ते पायात घालून ती रोज सकाळी साडी सावरत गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची आणि शेजारी बादल्या बाजूला घेऊन तिला वाट द्यायचे.

निघताना मला सगळ्या जगाने एकच उपदेश केला: पासपोर्ट सांभाळ. खालच्या मजल्यावरचे दौलतशेठ (मंडळाचे सेक्रेटरी, स्वतः कधी रत्नागिरीच्या पुढे गेले नाहीत) म्हणाले की गळ्यातला पाऊच चोर आधी बघतात. किर्ती म्हणाली, बॅगेत ठेवू नकोस. धनेश म्हणाला, हॉटेलच्या तिजोरीवर विश्वास ठेवू नकोस. आता पाऊच नाही, बॅग नाही, तिजोरी नाही, तर माणसाने पासपोर्ट ठेवायचा कुठे? पहिल्या रात्री गादीखाली ठेवला. मग वाटलं, गादीखाली तर कोणीही बघेल. म्हणून एसीच्या जाळीमागे ठेवला. (धंद्याची सवय.) तिथे ओल धरेल म्हणून तो काढला आणि शेवटी उशीच्या अभ्र्यात, उशीच्या खाली सरकवला आणि त्यावर डोकं ठेवून झोपलो. इतकी शांत झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. सकाळी तितक्याच शांतपणे उठून ट्रेनिंगला गेलो. संध्याकाळी परत आलो तर पलंगावर नव्या कोऱ्या पांढऱ्या चादरी, नवे अभ्रे, आणि मधोमध टॉवेलची घडी घालून केलेला एक हत्ती. मामा, त्या हत्तीकडे मी किती वेळ बघत उभा होतो कोणास ठाऊक. तोही माझ्याकडे बघत होता.

हॉटेलची मॅनेजरबाई फार भली. तिला माझं इंग्रजी कळेना, तेव्हा मी पलंगावर झोपून, उशीखाली हात घालून, मग दोन्ही हात हलवून दाखवलं. तिला आधी वाटलं मला उशी आवडली नाही. तिने आणखी दोन आणून दिल्या. मग धनेशने मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं, तेव्हा ती मटकन खुर्चीवर बसली. चादरी, अभ्रे धुलाईच्या कारखान्यात गेले होते. तिने स्वतः गाडी काढून आम्हाला तिकडे नेलं. तिथे काय सांगू, एखाद्या गिरणीच्या खात्याएवढी जागा, वाफ, गरगरणारी यंत्रं आणि छतापर्यंत अभ्र्यांचे ढीग. सगळे पांढरे. चार हॉटेलांचे एकत्र. तिथल्या बायकांनी काम थांबवून आमच्याबरोबर एकेक अभ्रा उलटा करून झटकला. एक चष्मा निघाला, एक कवळी निघाली, कोणाची तरी प्रेमाची चिठ्ठी निघाली (ती त्यांनी वाचली आणि हसल्या, मला अर्थ सांगितला नाही), पण माझा पासपोर्ट निघाला नाही. एका म्हाताऱ्या बाईने मला ओढून स्टुलावर बसवलं, बर्फ घातलेला चहा हातात दिला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. आईची विमानात बसायची वेळ परवावर आली होती आणि मी परदेशात, आपलं कोणीच नसल्यासारखा, दुसऱ्यांच्या अभ्र्यांमध्ये बसलो होतो.

पुढचा सगळा दिवस पोलीस ठाणं आणि आपली वकिलात यांत गेला. पोलीस सज्जन होता. चोरी झाली का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं नाही, मीच लपवला. कोणापासून, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, चोरांपासून. त्याने पेन खाली ठेवलं आणि धनेशकडे बघितलं. वकिलातीत आपली माणसं, हिंदीत बोलणारी, त्यामुळे तिथे तरी मला हातवारे करावे लागले नाहीत. त्यांनी मन लावून माझं काम केलं आणि फोटो चिकटवलेला एक कागद हातात दिला. नवा पासपोर्ट मिळायला वेळ लागेल, तोवर हा कागद. मी आनंदाने विचारलं, याच्यावर चार दिवस समुद्रावर जाऊन येऊ का? काउंटरपलीकडचे गृहस्थ फार हळू आवाजात म्हणाले की भाईसाब, या कागदावर फक्त भारतात जाता येतं, एकदाच, आणि लवकर गेलेलं बरं.

आता घरी सांगायचं होतं. फोन किर्तीने घेतला. मी सगळं सांगितलं, अभ्र्यासकट. ती काहीच बोलली नाही. मामा, तुमची भाचेसून बोलते तेव्हा काही वाटत नाही, बोलत नाही तेव्हा वाटतं. मीच आपणहून म्हटलं की रद्द करून टाकू, पुढच्या वर्षी बघू, आईला मी समजावतो. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मग कोणीतरी फोन ओढून घेतल्याचा आवाज आला आणि आई म्हणाली, "तुजा हरावला. आमचा आसा मां?"

मी म्हटलं, हो, तुमचे तिघींचे आहेत.

"मगे आमी जातंव," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यामुळे असं झालं की ज्या सकाळी त्या बँकॉकला उतरल्या त्याच दुपारी माझं मुंबईचं विमान होतं. धनेश आदल्या दिवशीच निघून गेला होता. मी पहाटेपासून विमानतळावर उभा. हॉटेलांची बुकिंगं, सिमकार्ड, कुठे काय खायचं नाही याच्या सूचना, सगळं एका पिशवीत भरून. आणि मग दार उघडलं आणि आई बाहेर आली. व्हीलचेअरवर. (किर्तीने मुद्दाम सांगून घेतली होती, रांगा टाळायला.) तिची खुर्ची एक थाई पोरगी ढकलत होती, आणि आई तिच्याशी मालवणीत बोलत होती, आणि ती पोरगी मान डोलवत होती. नऊवारी, पायात ते शूज, कपाळाला मोठं कुंकू (बाबांच्या पश्चातही तिने ते सोडलं नाही). मला बघून तिने हात केला, जसा गावी एसटीतून करतात तसा. मी जवळ जाऊन सूचना द्यायला सुरुवात केली तर किर्ती म्हणाली की नूपुरने सगळं मोबाईलवर बघून ठेवलंय. आईने विचारलं, जेवलास? मी म्हटलं, नाही. तिने पिशवीतून घावन काढले. तिथेच, लोकांच्या बॅगांमध्ये उभा राहून मी घावन खाल्ले. मग तिने घराची चावी माझ्या हातात दिली, दूधवाल्याला सांगायला विसरलेय म्हणाली, तुळशीला पाणी घाल म्हणाली. नूपुरने माझा फोटो काढला. आणि त्या तिघी त्या दाराने गेल्या, मी ह्या दाराने आलो. मी दोनदा मागे वळून बघितलं. त्यांनी बघितलं नाही. त्या समोर बघत होत्या, आणि तेच बरोबर होतं.

इथे आल्यावर चाळीला काय सांगावं? बॅग घेऊन जिना चढताना जो तो दार उघडून बघत होता. बायको, मुलगी, आई परदेशात आणि हा एकटा परत, म्हणजे एकतर भांडण, नाहीतर हाकलून दिलं. दौलतशेठनी हाकलून दिल्याचं धरलं आणि कोणत्या गुन्ह्यासाठी ते खासगीत विचारून गेले. समोरचे आनंदाभाऊ रोज डबा देतात, आणि डब्याबरोबर "होतं असं" असं म्हणतात. हे रोज ऐकून मला आता वाटायला लागलंय की मी खरंच काहीतरी केलंय. नव्या पासपोर्टसाठी अर्ज केला. जुना कसा हरवला ते लिहून द्यावं लागतं. तिथल्या बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि शेजारच्या टेबलावर वाचायला दिलं. लगोलग पोलीसही चौकशीला येऊन गेले. त्यांनी आनंदाभाऊंना विचारलं, माणूस कसा आहे? आनंदाभाऊ म्हणाले, माणूस सोन्यासारखा आहे, फक्त त्याला काही ठेवायला देऊ नका.

आणि तिकडे, मामा, सगळं छान चाललंय. हेच लिहायला जड जातंय. मी नसलो तर विमानतळावर आरडाओरडा होत नाही, टॅक्सीवाल्याशी वाद होत नाही, सगळे वेळेवर जेवतात. किर्तीचे फोटो येतात त्यात ती लग्नाआधीसारखी दिसते. आईने तिथल्या बाजारात कोळंबी निवडली आणि विकणारीने आणखी मूठभर वर टाकली म्हणे, भाषा न कळता. पण मी तुम्हाला खरं जे सांगायचं होतं ते हे. काल नूपुरने एक व्हिडिओ पाठवला. आई किनाऱ्यावर वाळूत बसलीय, शूज काढून बाजूला ठेवलेत, पाय पाण्याकडे. काही करत नाही. हातात पिशवी नाही, काही निवडत नाही, कोणाला हाक मारत नाही. मागून नूपुर विचारते, "आजी, कसं वाटतंय?" आई वळतसुद्धा नाही. म्हणते, "गप ऱ्हव. बसलंय."

पुढे बराच वेळ नुसत्या लाटा आहेत. मी तो व्हिडिओ बघितला आणि मग भांडी घासली. समुद्राकडे जाताना तिला खिडकीजवळ मी बसवणार होतो, तिचा हात धरून पाण्यात मी नेणार होतो, असं सगळं मनात ठरवून ठेवलेलं होतं. त्याशिवायही तिचं सगळं नीट झालं. याचं वाईट वाटायला नको, आणि फारसं वाटतही नाही. फक्त दमलोय.

त्या परवा येतील. मी विमानतळावर घ्यायला जाणार आहे, कोणी हरवलं नाही ना ते मोजायला. मामींना नमस्कार सांगावा. मी जिवंत असल्याचं वाडीत सगळ्यांना सांगावं.

आपला भाचा
रघुवीर

ता. क. : पत्र लिहायचं मूळ कारण राहिलंच. आईने काल फोनवर हुकूम सोडलाय की "महादेवाकय एकदा नुसतो बसवचो आसा." म्हणजे पुढच्या हिवाळ्यात ती तुम्हाला आणि मामींना घेऊन पुन्हा तिकडेच जाणार. तेव्हा तुमचे दोघांचे पासपोर्ट काढायचे आहेत. तुमच्या शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आहे आणि आधार कार्डावर दुसरी, आणि आधारच्या हिशोबाने तुम्ही आईपेक्षा लहान ठरता. कोणती धरायची ते आईशी भांडून आधीच ठरवून ठेवा. किनाऱ्यावर राहतो, मला समुद्राचं काय कौतुक, असं म्हणू नका. तेच आम्हीही म्हटलं होतं.

आणखी एक ता. क. : घर कोण बघणार, गुरांना वैरण कोण घालणार, ही तुमची पहिली अडचण असेल हे मला ठाऊक आहे. तीही आईने सोडवली आहे. तिकिटं चारच काढायची: तुम्ही, मामी, ती आणि किर्ती. (नूपुरची तेव्हा परीक्षा असते.) मी तेवढे दिवस तुमच्या घरी राहीन. मला घेऊन चला म्हणून कृपा करून कोणी आग्रह धरू नये, तुम्ही तर मुळीच नाही. तुमच्या ओटीवर आठ दिवस एकट्याने पडून राहायचं या विचारावरच मी कालपासून तग धरून आहे. तुम्ही फक्त हो म्हणा. आणि तांबडी गाय अजून लाथ मारते का, तेवढं उलट टपाली कळवा.