घड्याळ सगळ्यात वर

लातूर,
८ मार्च २०१०

तीर्थस्वरूप दाजी,

शेषेरावचा तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार. ताईचा गुडघा काय म्हणतो, तुमची साखर कुठवर उतरली आणि अर्धापूरच्या केळीला यंदा वारं तर लागलं नाही ना, हे सगळं सविस्तर कळवा. इकडे आम्ही बरे आहोत. तुमची उर्वीही बरी आहे, वेळेवर जेवते, आमच्या क्लासला जाते. (तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे, पण आधी माझं ऐकून घ्या.)

संक्रांतीनंतर मी लातुरात भूकंप केला, असं नांदेडच्या पाहुण्यांनी तुम्हाला सांगितल्याचं कळलं. लोक वाढवून सांगतात. मी फक्त घंटा वाजवली. ईश्वरप्पा सरांच्या क्लासचं ऑफिस मी सांभाळतो हे तुम्हाला ठाऊक आहे, पण खरं काम एकच, दर पन्नास मिनिटांनी घंटेचं बटण दाबायचं. चार मजले, शेकड्यांनी पोरं, आणि जिना एक. एक तुकडी उतरते तेव्हा दुसरी खाली उभी असते. एवढा सगळा कारभार घंटेवर, आणि इमारतीत घड्याळ एकही नाही! सरांचं म्हणणं, भिंतीला घड्याळ असलं की पोराचं लक्ष पुस्तकातून उडतं. मनगटावरची घड्याळं आणि मोबाईल दारातच काढून ठेवायचे, पोरांनी, मास्तरांनी आणि मीसुद्धा. (सरांच्या हातात मात्र दोन घड्याळं. एक लातूरची वेळ दाखवतं, दुसरं क्लासांची पंढरी असलेल्या राजस्थानातल्या कोट्याची. दोन्ही सारखीच असतात, पण सर पडताळून बघतात.)

दिवाळीपर्यंत सर आपली घड्याळं बघून खूण करायचे, तेव्हा मी बटण दाबायचो; दिवाळीनंतर त्यांनी माझ्या टेबलावर संगणक आणून ठेवला. त्यात लिनक्स आहे, कारण ते फुकट मिळतं. (पोरांना मात्र सांगितलं की मोठमोठे शास्त्रज्ञ हेच वापरतात.) पडद्याच्या वरच्या पट्टीत, उजव्या कोपऱ्यात बारीकसं घड्याळ होतं. त्याच्यावर बघून मी दोन महिने चोख घंटा दिली. मग त्या मंगळवारी सर म्हणाले, इंटरनेटवर बसा आणि गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या पोरांची नावं काढा, आपल्या बोर्डावर टाकायची आहेत. मी भीत भीत म्हटलं, "सर, ती आपल्याकडं नव्हती." सर म्हणाले, "शेषेराव, लातुरात तर होती न्हवं?"

बसलो. अक्षरं बारीक दिसत होती म्हणून वरच्या ओळीतली एक कळ दाबली, तर पान सगळ्या पडद्यावर पसरलं आणि घड्याळाची पट्टी गडप. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. नावं सापडली. मग असं दिसलं की आभाळातून काढलेले गावांचे फोटोही बघायला मिळतात. माणूस आधी काय बघेल? मी आपलं गाव, जळकोट, काढलं. आपलं घर शोधायला बराच वेळ गेला, आणि सापडलं तेव्हा दिसलं काय, तर शेजारच्या नरसिंगचं पत्र्याचं शेड आपल्या अंगणात चांगलं आत आलेलं! दाजी, ते बघून माझं रक्त तापलं. शेडच्या कडेला फूटपट्टी लावून मी पडदा मोजत बसलो. किती वेळ मोजत होतो ते सांगायला समोर घड्याळ नव्हतं.

शेवटी रसायनशास्त्राचे मास्तर वरून घोगऱ्या आवाजात ओरडले, "ओ शेषेराव, झालेलंच परत शिकवायलोय! घंटा द्या की!" खाली दुसरी तुकडी जिन्यापासून रस्त्यापर्यंत तटलेली. मी घाबरून बटणावर अंगठा ठेवला, आणि तो उचलायचं भानच राहिलं नाही.

आता आमच्याकडे लांब घंटेचा अर्थ एकच आहे. ही पोरं त्र्याण्णवच्या भूकंपात पाळण्यात होती, पण लातुरातल्या आईबापांनी त्यांना बाकी काही शिकवलं नसलं तरी पळायला शिकवलं आहे. बघता बघता चारही मजले रस्त्यावर. खरं सांगतो, कुणी कुणाला ढकललं नाही, पोरींनी एकमेकींचे हात धरले होते. सगळ्यांच्या पुढे ईश्वरप्पा सर, अनवाणी. आणि रसायनशास्त्राचे मास्तर गटाराच्या कठड्यावर बसले होते, खडू हातात तसाच. त्यांचं गाव तेव्हा गेलेलं. मी पाणी नेऊन दिलं, हात जोडले. ते पाणी प्यायले आणि आपल्या तुकडीतली पोरं मोजायला लागले. तेवढ्यापुरतं, दाजी, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

सरांनी मात्र मला सुनावलं. इथून पुढं घड्याळ नजरेआड झालं तर तुम्हीही नजरेआड व्हा, म्हणाले. म्हणून मी समोरच्या नेट कॅफेतल्या अजहरला बोलावलं. त्यानं बघितलं आणि हसला. "चाचा, घडी कुठं गेली न्हाई. पान पडदाभर केलं की पट्टी झाकती." मग त्यानं एक वेगळं गोल घड्याळ पडद्यावर आणलं, त्याच्या माथ्यावर माऊसचं उजवं बटण दाबलं आणि 'कायम सगळ्यात वर' असं काहीतरी निवडलं. म्हणाला, "आता काय बी उघडा, ही वरच ऱ्हाती." तेव्हापासून ते खरोखर सगळ्याच्या वर आहे. क्रिकेट उघडलं तर धावांवर बसतं, जळकोट उघडलं तर नेमकं नरसिंगच्या शेडवर. बाजूला ओढता येतं म्हणे. पण ज्याच्यावर आपली नोकरी आहे त्याला हात कोण लावणार? घंटा मात्र एक मिनिट इकडची तिकडे होत नाही.

बाकी सगळं ठीक. ताईला हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल, पण माझ्या सहीपर्यंतच.

तुमचा मेहुणा,
शेषेराव

ता. क. उर्वीचा डॉक्टरकीच्या परीक्षेचा फॉर्म मी याच संगणकावर भरला. घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं, असं तुम्हीच म्हणाला होतात. परीक्षेचं शहर निवडायची जागा घड्याळाच्या बरोबर खाली आली. यादी इंग्रजी, त्यात लातूरच्या खालोखाल लखनौ. परवा प्रवेशपत्र आलं, लखनौचं. केंद्र बदलून मिळत नाही, मी तीनदा विचारलं. तेव्हा नांदेडहून दोन तिकिटं काढा आणि तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जा. मला रजा नाही.

दुसरा ता. क. सरांना हे कळल्यावर ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आज बोर्ड लावला: 'आमचे विद्यार्थी आता लखनौपर्यंत!'

तिसरा ता. क. उर्वी रडेल म्हणून मी प्रवेशपत्र दुपारपर्यंत लपवलं होतं. तिनं ते वाचलं आणि विचारलं, "मामा, लखनौला जायला किती दिवस लागतात?" दीड-दोन दिवस तरी, म्हटलं. "आणि गाडीत कुणी शिकवणार न्हाई ना?" न्हाई, म्हटलं. दोन वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तिकीट खिडकीजवळचं काढा, आणि दाजी, वाटेत तिचं पाठांतर घेऊ नका.