कृपया चिंबोऱ्या आणू नयेत

काल्हेर, मार्च २००७

श्री. अनंतादादांस काल्हेरहून बाळारामचा वाकून नमस्कार (कमरेतूनच, कारण खाली बसलो तर उठवायला माणसं लागतात). वहिनींची कंबर, तुमची म्हैस आणि उरणची खाडी, तिघींची तब्येत बरी असेल. आम्ही सर्व मजेत आहोत, फक्त माझा उजव्या पायाचा अंगठा आमच्यात नाही. फोनच करणार होतो, पण फोन बैठकीत आहे आणि बैठकीत तुमची बहीण कमळा आहे, म्हणून हे पत्र.

तर झालं असं, की दापोड्याच्या नव्या गोदामाच्या उद्घाटनाचं मटण पोटभर जेवून आलो आणि सकाळी उठतो तो अंगठा लालभडक, सुजून टम्म. चादर लागली तरी डोळ्यांत पाणी. कमळा म्हणाली, काटा मोडलाय. लडकूकाकांनी (गावातली निम्मी गळवं त्यांनीच फोडलीत) चष्मा न लावता पाहणी केली आणि आत पू झाल्याचं जाहीर केलं. कांद्याचं गरम पोटीस बांधलं. मी जाईन तिथे भज्यांचा वास, शेजारची मुलं बशी घेऊन यायची तेवढी बाकी होती. पू काही येईना, म्हणून काका दाभण तापवून आले, तेव्हा मी त्या पायानेही गच्चीपर्यंत पळालो. आणि आपल्याकडे आजाऱ्याला बघायला मोसंबी घेऊन कोण येतं? अंगात ताकद यायला हवी म्हणून कुणी कोलंबी आणली, कुणी बकऱ्याचे पाय, आणि तुमच्याकडून तर नांग्या हलवणाऱ्या चिंबोऱ्यांची टोपलीच आली. मी पडलो आजारी माणूस, नाही कसं म्हणणार? प्रत्येक पाहुण्याबरोबर अंगठा वाढला आणि अंगठा वाढतोय म्हणून आणखी पाहुणे आले.

शेवटी तुमच्या भाचीने, मृणालीने, मला रिक्षात कोंबून धामणकर नाक्यावर डॉ. विनिताबाईंकडे नेलं. मी म्हटलं, बाई, जंतू मारायचं सगळ्यात जबरदस्त इंजेक्शन असेल ते द्या. त्या म्हणाल्या, जंतू नाहीतच. दादा, मला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढी सूज, एवढा ताप, आणि मागे कुणीच नाही? मग त्यांनी समजावलं. मटण-मासळी-दारूने रक्तात युरिक ॲसिड वाढलं की सांध्यात त्याचे सुईसारखे टोकदार कण जमतात. तुमच्या गोदामाचे वॉचमन असतात ना, म्हणाल्या, तसे शरीराचेही असतात. त्यांना हे कण चोर वाटतात. मग शिट्ट्या, लाठ्या, आरडाओरडा. चोर कुणी नाहीच, मार मात्र घराला. आणि हे अंगठ्यापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. जंतूंशिवायची अशीच धग रक्तवाहिन्यांत, लिव्हरमध्ये, चरबीत वर्षानुवर्षं गुपचूप राहते आणि हृदयाचा विकार, साखर असले जुनाट पाहुणे घरात यायला तिचाही हात असतो. अंगठा बिचारा निदान ओरडला, बाकीचे ओरडतही नाहीत. तेव्हापासून मी स्वतःच्या पोटाकडे संशयाने बघतो.

आता मृणालीची हळद तोंडावर आली. बेंजोच्या वाजंत्रीसमोर बाप आणि मामा जोडीने नाचताना बघायचे, हे तिने शाळेत असल्यापासून सांगून ठेवलंय. सासरी जाताना दुसरं काही मागितलेलं नाही. त्या दिवशी रिक्षात खड्डे लागू नयेत म्हणून ती माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा मला दुखण्याचं नाही, तिच्या जाण्याचंच रडू आलं. म्हणून दादा, मटण सोडलं, मासळी सोडली, बाटलीला तर रस्त्यात ओळख देत नाही. दोन्ही वेळा दुधी खातो. तेव्हा हळदीला येताना कृपया चिंबोऱ्या आणू नयेत, एवढीच विनंती.

तुमचा, सध्या एका पायावर तयार,
बाळाराम

ता. क. खरं सांगायचं ते राहिलंच. साखरपुड्याला तुम्ही डाव्या पायात चप्पल न घालता फिरत होता आणि देवाला अनवाणी राहायचं बोललोय असं सांगत होता. एकाच पायाचा नवस मी अजून ऐकलेला नाही. मुकाट्याने आठवडाभर आधी या, बाईंकडे तुमचंही रक्त तपासू. एकटा नाचलो तर पोरगी हसेल, पण मनातून हिरमुसेल. कमळाला यातलं काही ठाऊक नाही, उगाच घाबरेल.

ता. क. (दुसरा) दादा, कमळाचा नमस्कार. पाकीट मागायला हे माझ्याकडंच आले, म्हणून सगला वाचला. दुधी यांच्या ताटातून आमच्या म्हशीकडं जातो. काल ट्रकवाल्यांबरोबर सुकं बोंबील खाऊन आलेत, मिशीला अजून वास हाय, न् आज अंगठा पुन्हा सुजलाय. तुझ्या पायाचं मला साखरपुड्यालाच कळलं. मी भाऊ ओळखते, देव न्हाय. मृणालीला पन ठाऊक हाय. तिनं मांडवात दोन खुर्च्या सांगून ठेवल्यात, न् गल्लीतल्या पोरांना बजावलंय, दोघं उभे राहिले तर बरं, न्हायतर खुर्च्यांसकट उचलून नाचवा. तू निघ लवकर.