दोन बुरश्यांमधली रेघ

२ जानेवारी २००४
आम्ही मायलेकी नाशिकला पोहोचलो. क्वार्टर लहान पण उजेडाचं आहे. नळाला दोन वेळा पाणी येतं, शाळा जवळ. खिडकीची जागा शुभांगीने आपली म्हणून ठरवून टाकली. तिचे बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळी हसली. झाडांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत ह्यांच्या जागी मला अनुकंपेवर घेतलं आहे. हे इथे एकटे राहायचे, रविवारी आमच्याकडे सटाण्याला यायचे. शिपाई गोटीरामांनी ह्यांची खुर्ची पुसून दिली. बसा वहिनी, म्हणाले, खुर्ची काय खात नाय.

९ जानेवारी
काम समजलं. शहरातली जुनी झाडं मुळापासून मरत आहेत. कुजलेल्या लाकडाचा कण काचेच्या बशीत बटाट्याच्या जेलीवर ठेवायचा, पांढरी बुरशी वाढते. मग दोन झाडांच्या बुरश्या एका बशीत समोरासमोर लावायच्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख अंजली मॅडमनी सांगितलं, जनुकं सारखी असली तर त्या मिसळून एक होतात. वेगळी असली तर मध्ये काळी रेघ पडते. शांत काम आहे, कुणाशी बोलावं लागत नाही. मला आवडलं.

१९ जानेवारी
द्वारका चौकातला वड, पंचवटीतला पिंपळ, एकलहऱ्याच्या वसाहतीतला शिरीष. एकाही जोडीत रेघ नाही. मॅडम म्हणाल्या, ही एकच बुरशी आहे, शहराखालून पसरलेली. मग आपण तिच्याच पाठीवर बसून चहा पितोय की, गोटीराम म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण पाय खुर्चीच्या दांडीवर घेतले.

२७ जानेवारी
दहाव्याला रामकुंडावर ह्यांचे सगळे कपडे देऊन टाकले होते, एक रुमाल तेवढा ठेवला होता. न धुतलेला. शेवटी खोकताना ते हाच तोंडाला धरायचे. फुप्फुसात डाग होते, कशाचे ते डॉक्टरांना कळलं नाही. शुभांगी तो रुमाल गालाखाली घेऊन झोपते. बाबांचा वास येतो म्हणते. मी कधी अडवलं नाही. आज गादी उन्हात टाकताना रुमालाच्या घडीत पांढरे धागे दिसले. एक धागा बशीत लावला.

३ फेब्रुवारी
रुमालातली बुरशी पिंपळाच्या बुरशीसमोर लावली होती. रेघ नाही. मिसळून एक झाली आहे. म्हणजे ह्यांच्या छातीत जे होतं ते –
रुमाल जाळला. शुभांगी रुसून खिडकीशी जाऊन बसली. तिला खोकला आहे. थंडीचा असेल.

५ फेब्रुवारी
खोकला थांबत नाही. डॉक्टरांनी साधं औषध दिलं. मी तिची थुंकी बाटलीत घेतली. कुणाला सांगितलं नाही. त्यातून जे पांढरं वाढेल ते पिंपळासमोर लावणार. देवा, रेघ पडू दे.

१३ फेब्रुवारी
रेघ पडली. काळी, ठळक. माझी पोर सुटली.
बशी घेऊन धावतच मॅडमकडे गेले. कुणाची म्हणून विचारलं त्यांनी. मी सांगितलं. त्या खाली बसल्या. मनीषाताई, म्हणाल्या, रेघ पडायला दोन बुरश्या लागतात. शुभांगीच्या बाजूला काही उगवायलाच नको होतं.

मला हे कसं सुचलं नाही –

१८ फेब्रुवारी
शुभांगीला दवाखान्यात ठेवलं. मला आत सोडत नाहीत.
मॅडमनी तिच्या बुरशीचे डीएनए पट्टे काढले. नवीच जात. दोन बुरश्यांच्या संकरातून झालेली. निम्मे पट्टे रुमालातल्या बुरशीचे. उरलेले निम्मे शहरातल्या कुठल्याच झाडाच्या बुरशीचे नाहीत. दुसरी बुरशी कुठून आली, मॅडमना ठाऊक नाही. पण बोलताना माझ्यापासून जरा लांब उभ्या होत्या.

१९ फेब्रुवारी
काचेतून तिने हात केला. ओठ पांढरे.
मॅडमनी मला रिकामी बाटली दिली. खोकून आणा म्हणाल्या.
एका गालाखाली रुमाल. दुसरा गाल माझ्या कुशीत, तोंडाशी तोंड. रोज. तिसरं कुणी नव्हतं.
पण मला खोकला नाही. कधीच नव्हता. घशाच्या मागे फक्त काहीतरी मऊ –