लाल पेटीतले ठोकळे

पुनावळे,
१२ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
मिनलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचा मेसेज तुम्ही न वाचताच पुसता, म्हणून हे पत्र. कंपनीने तुमचे कान नेले हे माहीत होतं. काल वाटलं, डोळेही नेले की काय, कारण समोरचे आईबाप तुम्हाला दिसलेच नाहीत.

शाळेत न जाता घरीच शिकणारी आठ मुलं दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये हाताने काही बनवायला येतात. हा वर्ग मी चालवते म्हणून लोक मला आधीच वेड्यात काढतात. तुम्ही बत्तीस वर्षं फिटर होतात, म्हणून मोठ्या हौसेने तुम्हाला शिकवायला बोलावलं. सहा शनिवारांत मुलं मोबाइलचा स्टँड करतील, किल्ल्या अडकवायची खुंटी करतील, असं मी पालकांना सांगून ठेवलं होतं. तुम्ही सहाही शनिवार त्यांच्याकडून काडेपेटीएवढ्या लोखंडी ठोकळ्याची एकच बाजू कानशीने घासून घेतलीत. एकच बाजू, बाबा!

तेही चाललं असतं. पण काल पालकांना दाखवायचा दिवस. मी समोसे आणायला खाली गेले, तेवढ्यात तुम्ही सपाटी तपासायला एकेका ठोकळ्याला गुण्याची सरळ कड लावलीत, उजेडाकडे धरलात, आणि फटीतून उजेड दिसला म्हणून सात ठोकळ्यांवर लाल रंगाचा फटकारा मारून ते लाल पेटीत टाकलेत. पालक आले तेव्हा टेबल रिकामं आणि पेटी भरलेली. बुद्धभूषणची आई म्हणाली की पास-नापासाला कंटाळून पोराला शाळेतून काढलं, आणि इथे आजोबांनी थेट भंगारात घातलं. तीन घरांनी वर्गातून मुलांची नावं काढून घेतली. आपल्या मित्राला तर तिचा ठोकळा सापडलाच नाही, शोधून शोधून पोर रडवेली झाली. मी तुम्हाला चार शब्द बोलले, तर तुम्ही पिशवी उचलून चिंचवडहून लोकल पकडलीत.

उरलेली घरं ३१ तारखेच्या शनिवारपर्यंत थांबली आहेत. तुम्ही येऊन मुलांना नुसतं छान म्हणालात तरी वर्ग टिकेल. नाही आलात तर हॉल परत द्यायचा आणि मित्रा पुन्हा घरात एकटी. नातीसाठी एवढा एक शब्द काढा.

आईला जयभीम. लोभ आहे म्हणूनच चिडले. तुमचाही आटू देऊ नये.

तुमची,
मिनल

तळेगाव दाभाडे,
१६ ऑगस्ट २०२४

चि. मिनल हिस,
आशीर्वाद आणि जयभीम. पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या आईने कानाशी ओरडून वाचलं, म्हणजे नीट आत शिरावं. ती तुझ्याच बाजूची आहे.

लाल पेटी म्हणजे भंगार, हे तुला कोणी सांगितलं? आमच्या कंपनीत रोज सकाळी सगळे त्या पेटीभोवती उभे राहायचे आणि चूक कुठे झाली ते बघायचे. माझेच किती तुकडे तिथे पडले. मुलांना मी हे पहिल्या शनिवारी सांगितलं होतं. बुद्धभूषण रडला नाही. त्याने विचारलं की त्याच्या ठोकळ्यात उजेड नेमका कुठे दिसतो. रडली ती त्याची आई.

छान म्हणायला माझं काय जातंय? पण वाकड्याला सरळ म्हटलं, तर उद्या माझ्या खऱ्या शाबासकीवरही पोरं विश्वास ठेवणार नाहीत.

आता मित्राचा ठोकळा. तो मीच खिशात घातला. त्यात केसाएवढाही उजेड दिसला नाही. बत्तीस वर्षांत माझ्या कानशीने इतकी सपाट बाजू केली नाही, दहा वर्षांची पोर कुठून करणार? कानशीचे चरे आडवेतिडवे असतात. हे एकाच दिशेचे, मशीनवरच्या ग्राइंडिंगचे आहेत. पोरीचा चेहरा मी पाहिला. तिला काही ठाऊक नाही. सगळ्यांदेखत बोललो असतो तर शोभा झाली असती, म्हणून पिशवी उचलली. हे कोणी केलं ते कळव, मग यायचं बघू.

राग धर, पण पत्र थांबवू नकोस.

तुझे बाबा,
साहेबराव

पुनावळे,
२१ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
जयभीम.

मीच केलं. आमच्या शेजारचा प्रीतम चाकणला ग्राइंडिंगवर आहे. त्याला ठोकळा दिला, त्याने शिफ्टमध्ये पाच मिनिटांत करून आणला. तेल लावून पुसलाय म्हणून चमकतोय, असं मी मित्राला सांगितलं.

का, तेही लिहिते. तुम्ही ओव्हरटाइम करकरून मला शिकवलंत. मी पोटच्या पोरीला शाळेतून काढलं, तेव्हा तीन महिने माझ्या घरचं पाणी प्यायला नाहीत. ज्या दारासाठी आपल्या माणसांनी एवढं सोसलं ते मी आतून लावून घेतलं, असं तुम्ही म्हणाला होतात. ते अजून सलतं. तुम्ही मित्राचा ठोकळा उजेडाकडे धरावा आणि मान हलवावी, एवढंच मला हवं होतं. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

काल तिला खरं सांगितलं. वाटलं, आदळआपट करेल. तिने फक्त विचारलं, की म्हणजे आजोबांनी तिचा ठोकळा बघितलाच नाही का. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. माझीच मला चीड आली आहे. तुम्ही म्हणाल ते करते, पण या.

चुकले आहे, पोटात घालावं.

मिनल

तळेगाव दाभाडे,
२६ ऑगस्ट २०२४

चि. मिनल हिस,
आशीर्वाद. चांगलं खरमरीत लिहायला बसलो होतो. तेवढ्यात तुझी आई केर भरायला सुपली घेऊन आली आणि माझा हात थांबला.

तू सातवीत होतीस. कार्यानुभवाला पत्र्याची सुपली करायची होती. तुझी वाकडी झाली. मी तुला न सांगता कंपनीतून दुसरी करून आणली, सगळे रिव्हेट एका ओळीत. गुरुजींनी ती वर्गभर फिरवली, पहिला नंबर दिला. तू बक्षिसाची कंपासपेटी माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालीस की ही तुमची. मी हसलो होतो. साहेबरावाच्या पोरीची सुपली वाकडी, असं कोणी म्हणू नये, एवढीच मला भीती. तीस वर्षं तुझी आई त्या सुपलीने केर भरतेय, आणि तू काय म्हणाली होतीस ते मला आज कळलं.

शाळेबद्दल माझं मत अजून तेच आहे. ते गुळगुळीत करून देणार नाही. पण शनिवारी येतो. गेलेल्या तिन्ही घरांनाही बोलव. आईबापांच्या हातातही एकेक कानस देतो, मग बोलू दे त्यांना. मित्रासाठी नवा ठोकळा कापलाय, एक तुझ्यासाठी. तुझा ठोकळा मित्राच तपासेल. लाल रंगाचा डबा तिच्याजवळ असेल, मी मध्ये पडणार नाही.

कमी-जास्त लिहिलं असेल तर सोडून दे. माया होती तशीच आहे.

तुझे बाबा,
साहेबराव

ता. क. सुपलीला काल लाल रंग मारला. चांगल्या वस्तूची वाट लावली म्हणून तुझी आई अजून बडबडते आहे. वाळली की घेऊन येतो. पेटीत सगळ्यात वर ठेवू.