शनिवारची दिवाळी

आश्विन वद्य अष्टमी, मंगळवार

ठरलं! यंदाची दिवाळी शनिवारी. म्हणजे अमावास्या उलटून गेल्यावर! मंडळाच्या बैठकीत हात वर न करणारा मी एकटा.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याच्या तोंडात कापूस आहे, तो उलट काही बोलणार नाही, असं धरूनच बोलतात. म्हणाले, "सभागृह शनिवारीच मिळतं. शिवाय लोकांना सुट्टी. परदेशात दिवाळीला रजा कुठली! देव काय, भावाचा भुकेला!"

मी म्हटलं, "दाढ ठणकत आलेल्या माणसालाही शनिवारी या म्हणता का?"

सगळे खो खो हसले. मत एकानेही बदललं नाही.

डोक्यावर चंद्रकोर आणि खाली लक्ष्मीपूजन! अमावास्येची पूजा चांदण्यात! त्यातून सभागृहात ज्योत पेटवायची नाही, असा तिथला नियम. म्हणून पणत्या बॅटरीच्या. मग मुलांचे नाच, मग भाषणं, मग "सामुदायिक भाऊबीज". खुर्च्यांच्या दोन रांगा मांडून! अख्खी दिवाळी एका संध्याकाळात, औषधाच्या गोळीसारखी गिळायची.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "अध्यक्षांचा राग ताटावर काढू नका. जेवा."

नवमी, बुधवार

किराणावाल्याचा काटा आला होता दुरुस्तीला. डावं पारडं झुकतं, आणि हा म्हणतो, "चालतंय की!" चालतंय म्हणजे काय? काटा एक तर बरोबर असतो, नाही तर नसतो. मी हे काम कुठल्या शाळेत शिकलो नाही. भंगारातला काटा आणला, उघडला, पुन्हा जोडला. जमेपर्यंत जोडत राहिलो.

पंचांगही तसंच शिकलो, कुणाच्या पायाशी न बसता. लोकांना वाटतं, भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलं की झालं. अहो, ते छापलंय तिकडच्या, मायदेशातल्या सूर्यावर! आपल्याकडे सूर्य तिकडच्या आधी उगवतो, तिथी मात्र जगभर एकाच क्षणी लागते. म्हणून तिकडे बुधवारी दुपारी द्वितीया असेल, तर इथल्या बुधवारी दुपारी ती अजून लागलेलीच नसते. आकडे तीनदा तपासले. भाऊबीज धरायची दुपारच्या तिथीवर; इथे ती बुधवारी नाही. गुरुवारी!

दशमी, गुरुवार

धाकटीला फोन केला. धाकटी म्हणजे माझी एकुलती बहीण. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात आहे, पाळ्यांची नोकरी. सांगितलं, "भाऊबीज गुरुवारी."

"दादा, मी बुधवार मागून ठेवलाय. कॅलेंडर बघून."

"कॅलेंडर चूक आहे."

"कॅलेंडर चूक, अध्यक्ष चूक, सगळं जग चूक! मी काय करू? गुरुवारी पाळी आहे माझी."

"मग बदलून घे. दरवर्षी घेतेस."

मग म्हणाली, "यंदा नाही जमणार. तू शनिवारी सभागृहात ये ना. तिथे ओवाळते."

"चतुर्थीला? भाऊबीज? खुर्च्यांच्या रांगेत?"

"तिथी तुझी, सुट्टी माझी," म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्याच बहिणीने!

एकादशी, शुक्रवार

फोन नाही. मीही केला नाही.

द्वादशी, शनिवार

तिला तिथीची किंमत आहे, असं मी समजत होतो. आईवडिलांच्या मागे भाऊबीज कधी चुकली नाही. एकदाही! निरांजन घेऊन आधी खिडकीशी जाते. पहिलं चंद्राला ओवाळायचं, मग भावाला. समोर ती दांडगी इमारत, द्वितीयेची कोर मेली कधी दिसत नाही. "आहे असं समज," म्हणते आणि इमारतीलाच ओवाळते. मग दोघं हसतो.

पण बाकी वेळी? वर्षाखेरीच्या सुट्टीत आम्ही सगळे घरी जमतो, धाकटी कधी येत नाही. पाळी आहे, पाळी आहे! मोठी आली कामाची भक्त.

हिला हे म्हणून दाखवलं, तर ही म्हणते, "का येत नाही, ते विचारलंत कधी?"

विचारायचं काय त्यात?

चतुर्दशी, सोमवार. सूर्यास्ताला अमावास्या

लक्ष्मीपूजन नेमक्या वेळी झालं. आकाशात चंद्र नाही, जसा नसायला हवा तसा. खऱ्या पणत्या, खरं तेल. हिने आरती म्हटली, मी घंटा वाजवली. अख्ख्या गल्लीत दिवे फक्त आमच्या दारात. शेजारीण विचारून गेली, "वीज गेली का हो तुमची?"

पूजा आटोपल्यावर दोघंच एकमेकांकडे बघत बसलो. ही म्हणाली, "झाली दिवाळी?"

म्हटलं, "झाली."

कार्तिक शुद्ध प्रतिपदा, बुधवार

दुपारी धाकटीचा फोन. "मी घरी आहे. ताट तयार आहे. येतोस?"

जावंसं वाटलं. पण आज जाणं म्हणजे चुकलेल्या काट्यावर डोळे मिटून माल घेणं! म्हटलं, "आज प्रतिपदा आहे. उद्या येतो."

"उद्या मी पाळीवर."

"मग यंदा राहू दे."

मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाली, "बरं. राहू दे."

रडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. हे "बरं" कुठे ठेवू?

ही रात्रभर पाठ करून झोपली.

द्वितीया, गुरुवार

राहवलं नाही. धुतलेला सदरा घातला, तिच्यासाठी घेतलेली साडी पिशवीत टाकली आणि रुग्णालयात गेलो. तिला घटकाभर बाहेर बोलवू, कपाळाला बोट लावून घेऊ, तिथी साधेल. असा विचार.

धुलाईखाना तळघरात. पायऱ्या उतरतानाच वाफ तोंडावर येते. चादरींच्या ढिगांनी भरलेल्या गाड्या, भिंतीएवढी यंत्रं. दारापाशी एक वयस्क बाई इस्त्रीवर होत्या. मी धाकटीचं नाव घेतलं. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"म्हणजे तुम्ही तो भाऊ! दरवर्षी ज्याचा दिवस सरकतो!"

म्हटलं, "दिवस सरकत नाही बाई, तिथी —"

"असेल हो. मला काय! तुमच्या त्या दिवशी तिची पाळी मी करायची, आणि वर्षाखेरीच्या माझ्या सगळ्या पाळ्या तिने. आमचा जुना सौदा आहे. माझी नातवंडं फार खूश आहेत तुमच्या चंद्रावर! यंदा साहेब नवीन आलेत, एकदा लिहून दिला तो दिवस पक्का. अदलाबदल बंद. फार हातापाया पडली हो ती साहेबांच्या."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

तेवढ्यात धाकटी आली. ओले हात, डोक्याला फडकं. मला बघून पांढरी पडली. "काय झालं? वहिनीला काही...?"

"कुणाला काही नाही झालं."

"मग तू इथे?"

बोलायला येईना. मला! ज्याला बैठकीत गप्प बसा म्हणून सांगावं लागतं! शेवटी एवढंच निघालं, "शनिवारी आहेस ना सभागृहात?"

तिने फडक्याला हात पुसले. सावकाश.

"मी आहे. तुला चालेल का बघ. चंद्र असतो हं तेव्हा!"

आणि आत गेली. साडी माझ्याच हातात राहिली.

तृतीया, शुक्रवार

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, दादाला एवढी एकच गोष्ट मनासारखी मिळते."

किराणावाल्याचा काटा दिवसभर पुढ्यात. हात लावला नाही.

चतुर्थी, शनिवार

गेलो. आत ज्योत चालत नाही, म्हणून धाकटीने मला हाताला धरून बाहेर आणलं, गाड्या उभ्या करतात तिथे. वारा होता. अध्यक्ष मागोमाग आले आणि दोन्ही तळहातांचा आडोसा धरून उभे राहिले.

तिने निरांजन लावलं. सवयीने म्हणाली, "आहे असं समज —" आणि वर बघून थांबली. समोर इमारत नव्हती. कोर ठसठशीत.

आधी तिला ओवाळलं. मग मला.

आज भाऊबीज.