चौदा अळ्या आणि ओमचं स्थळ

मु. पो. काष्टी, ता. श्रीगोंदा
सोमवार

तीर्थरूप दाजी यांना काकासाहेबाचा साष्टांग नमस्कार. अक्कालाही तेवढाच (समोर वाकलो की ती "कंबर धरंल तुझी" म्हणून अर्ध्यातूनच उठवते, कागदावर तरी पुरा होऊ दे). तुमच्या गुडघ्याला पट्ट्याने उतार पडला असेल अशी आशा आहे. पट्टा बांधून ऊस बघायला बांधावरून हिंडायचं नसतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर मी सांगतो. अक्काची साखर जेवणाआधीची आणि जेवणानंतरची अशी दोन्ही कळवावी. मागच्या वेळी तिने फक्त आधीची कळवली आणि आम्ही दोन दिवस उगाच खुशीत होतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं काय ते सांगतो.

खिशात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण दाजी, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुम्ही सकाळी सलूनमध्ये बसता, संध्याकाळी पारावर. मागे आमच्या म्हशीचं पोट फुगलं होतं ते मी तुम्हाला एकट्याला सांगितलं आणि दिवस मावळायच्या आत तुमच्या देवळालीच्या चार अनोळखी माणसांनी मला फोन करून औषधं सांगितली. (त्यातल्या एकाचं लागू पडलं, ते वेगळं.) म्हशीचं एक वेळ चालतं, पण हे ओमच्या स्थळाचं आहे. म्हणून छगनचा टेम्पो तुमच्या बाजूला येतोय त्याच्याबरोबर हे बंद पाकिटातून पाठवतो आहे. एकट्याने वाचावं.

तर तुम्ही सुचवलेली मुलगी, म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांची भाची सुकन्या, आम्ही काल बघून आलो. तुमचा निरोप माझ्या पक्का ध्यानात होता. मुलगी एम.एस्सी. आहे, सावेडीच्या पुढे एक छोटं फुलपाखरू उद्यान आहे तिथे आलेल्या लोकांना हिंडवून माहिती सांगते. पोह्यांची ताटली घेऊन पाहुण्यांसमोर बसायला तिचा साफ नकार आहे. तेव्हा रविवारी अकराच्या फेरीला साधे प्रेक्षक म्हणून जा, लांबून बघा, तोंड उघडू नका आणि परत या, पसंत पडली तर पुढचं मी बघतो, असं तुम्ही म्हणाला होता. बेत उत्तम होता. त्यात तुमची चूक एवढीच की त्यासाठी तुम्ही मला निवडलं.

ओमला एकतीस पूर्ण झाली. आजवर चार स्थळं झाली. मुलगा काय करतो विचारतात, लिंबाची बाग आहे म्हटलं की समोरच्याचा चहा भराभर संपतो. चौथ्या स्थळाने तर विचारलं की पुण्यात कुठे शिपायाची तरी नोकरी धरेल का, बाग काय, जोडधंदा म्हणून राहू द्या. दोनशे चाळीस झाडांचा जोडधंदा! पूर्वी ओम कामावरून आल्यावर आईशी दोन शब्द बोलायचा, आता ताट संपवून नुसता मोबाईल बघतो. मला भीती वाटते, दाजी. हे मी सौ.लासुद्धा सांगितलेलं नाही, कारण तिलाही तीच वाटते आणि दोघांनी मिळून भ्यायला लागलो तर घर कोणी चालवायचं?

तर साध्या प्रेक्षकांची तयारी. सौ. साळूबाईने लग्नाकार्याला नेसायची हिरवी काठापदराची काढली. मी म्हटलं, अगं, आपण साधे प्रेक्षक आहोत. ती म्हणाली, व्हनारी सून काय म्हनंल? म्हटलं, तिला कळायलाच नकोय. त्यावर तिने साडी तीच ठेवली आणि गळ्यातला एक दागिना तेवढा कमी केला. ओमने एवढं अत्तर मारलं की एस्टीत शेजारच्या बाईने खिडकी उघडली. उद्यानाच्या दारात नाव-गाव लिहायची वही होती. मी गाव लिहिलं सावेडी. वही धरून सुकन्याच उभी होती. तिने सहज विचारलं, सावेडीत कुठे. मी म्हटलं, मारुतीच्या देवळामागं. कोणत्या मारुतीच्या? मी म्हटलं, मोठ्या. तिने माझ्याकडे पाहिलं, सौ.च्या साडीकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाकडे वळली. तिथेच परत फिरलो असतो तर बरं झालं असतं.

उद्यान म्हणजे आपल्या कांदाचाळीएवढी जागा, वरून आणि चारी बाजूंनी बारीक जाळी. आत पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. रुई, घाणेरी, एरंड, पानफुटी. जे जे आपण बांधावरून खुरप्याने काढून लांब फेकतो ते ते इथे रांगेने लावलेलं, पाणी घातलेलं, वर प्रत्येकाला नावाची पाटी. (घाणेरीला पाटी, दाजी. आमच्या घराला अजून नाही.) एका ताटलीत सडकी केळी ठेवली होती. सौ. हळूच म्हणाली की कोणीतरी खायची विसरलेलं दिसतंय. तेवढ्यात सुकन्याने सांगितलं की ती फुलपाखरांची मेजवानी आहे, आणि खरोखर त्या केळ्यांवर सात-आठ पाखरं पंख मिटून रस ओढत बसली होती. ओमच्या अत्तरावरही दोन येऊन बसली. तो जागच्या जागी थिजला. पोरगा बैलाला भीत नाही.

पण मुलगी, दाजी! तुम्ही सांगितलं त्याहून सरस. आवाज खणखणीत, पण चढवलेला नाही. आमच्याबरोबर सावेडीचे (खरे सावेडीचे) एक रिटायर गृहस्थ होते, त्यांनी एकच प्रश्न तीनदा विचारला आणि तिने तीनदा तेवढ्याच गोडीने सांगितलं. तेव्हाच मी मनातल्या मनात तिला आमच्या ओट्यावर बसवून पाहिलं. शोभत होती. मग ती आम्हाला दोन कुंड्यांपाशी घेऊन गेली. त्यात लिंबाची झाडं होती, छातीएवढी, कोवळी नवती फुटलेली, आणि त्या नवतीवर अळ्या. चौदा. रोज सकाळी मोजून पाटीवर खडूने आकडा लिहितात. येत्या पंधरवड्यात यांचीच फुलपाखरं होणार, ती बघायला एका शाळेची पोरं यायची आहेत, असं ती कौतुकाने सांगत होती. सौ.ने माझ्याकडे बघितलं. मी हात पाठीमागे बांधले. मग सगळे पुढच्या झाडाकडे गेले आणि मी जरा मागे रेंगाळलो.

आता जे झालं ते मी मुद्दाम केलं नाही, एवढा विश्वास ठेवा. माझं सगळं लक्ष सुकन्याकडे होतं. तिची चाल, तिचं बोलणं, ओम तिच्या बाजूला उभा राहिला तर खांद्याला खांदा कुठवर येईल, याच विचारात होतो. पण दाजी, तीस वर्षं रोज सकाळी मी लिंबाची पानं उलटी करत आलो आहे. अळीला पाठीवर धरलं की ती डोक्यातून नारिंगी शिंगं काढते आणि हाताला तो उग्र वास दोन दिवस राहतो, म्हणून मानेपाशी अंगठ्याने दाबून ओढायची आणि चपलेखाली घ्यायची, हे माझ्या हातांना माझ्याशिवाय येतं. मी भानावर आलो तेव्हा पहिली कुंडी संपली होती आणि दुसरी निम्मी झाली होती. अकरा गेल्या होत्या.

नेमकी तेव्हाच सुकन्या भिंग घेऊन परत आली, रिटायर गृहस्थांना शिंगं दाखवायला. तिने कुंडी बघितली, पाटीवरचा चौदाचा आकडा बघितला, परत कुंडी बघितली. अळ्या कुठं गेल्या, असं तिने विचारलं. सौ. मदतीला धावली (ती धावायला नको होती).

"पाखरानं नेल्या असतील," ती म्हणाली.

सुकन्याने मान वर करून जाळीकडे पाहिलं. चिमणी शिरेल एवढंसुद्धा भोक नव्हतं. मग खाली माझ्या पायांकडे पाहिलं.

"पाखरू चप्पल घालून आल्तं का?" ती म्हणाली.

इतका वेळ शहरी बोलणारी पोर एकदम आपल्या बोलीवर आली, त्यावरून मला कळलं की ती खरोखर चिडली आहे. मला वाटलं, आता धरणी फाटावी. पाचवं स्थळ मी स्वतःच्या चपलेने गमावलं होतं. आणि तेवढ्यात ओम पुढे झाला. आमचा ओम, जो चारही स्थळांत नाव विचारल्यावर सुद्धा माझ्याकडे बघायचा.

"मी ओम. सावेडीचा न्हाई, काष्टीचा हाय," तो म्हणाला. "आमी तुमालाच बघायला आल्तो. आन् अळ्या आमच्या वडलांनी मारल्या. आमची लिंबाची बाग हाय, त्यांच्या हातालाच सवय पडलीय."

रिटायर गृहस्थांनी खुर्ची ओढून घेतली. मग ओमने सुकन्याला विचारलं की याआधी कधी मोठ्या झालेल्या अळ्या आपोआप नाहीशा झाल्या का. ती म्हणाली, गेल्या आठवड्यात पाच गेल्या, कुठे ते कळलंच नाही. ओमने चांगली इस्त्रीची पँट मातीत टेकवली आणि कुंड्यांच्या मागे डोकं घातलं. पूर्ण वाढलेली अळी कोष करायला बऱ्याचदा झाड सोडते आणि कुंपण, दांडा, काय मिळेल त्याला जाऊन चिकटते, हे बागवाल्याला माहीत असतं (आम्ही ते कोषही शोधून काढतो, पण ते त्याने सांगितलं नाही). 'झाडांना हात लावू नये' अशी एक पाटी होती. तिच्याच मागच्या बाजूला चार कोष निघाले. सुकन्या त्याच्या शेजारी मातीत बसली. दोघं बराच वेळ त्या पाटीच्या मागे बघत होती. आम्ही तिघं म्हातारी माणसं पाटीच्या पुढे उभी होतो, त्यामुळे काय बोलणं झालं ते कळलं नाही. एकदा हसल्याचा आवाज आला, तो ओमचा होता. तो आवाज मी विसरलोच होतो.

निघताना ती माझ्यासमोर आली. मी हात जोडून माफी मागितली, खरी मागितली. ती म्हणाली,

"तुमचं बघून झालं ना काका? आता मी बघायला येनार. पुढच्या रविवारी, मामाला घेऊन. माणसं नंतर, आदी बाग. बागेत अळ्या किती जातीच्या हायेत ते मोजीन. एक बी न्हाई निघाली, तर चहा न घेता माघारी जाईन."

मी म्हटलं, भरपूर हायेत. सगळं असं झालं, दाजी. एकंदरीत काम फत्ते समजावं. तुम्ही काळजी करू नये, गुडघ्याला जपावं, अक्काला गोड देऊ नये. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि सलूनमधल्या मंडळींना काहीही नाही.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
काकासाहेब

ता. क. – अक्काला चपलेचं सांगू नका. तीच चप्पल घालून मी दिवाळीला तुमच्या घरात येणार आहे.

ता. क. २ – एक बारीक काम होतं. आम्ही गेल्या बेस्तवारीच, उद्यानात जायच्या तीन दिवस आधी, फवारणी केली, आणि नेहमीपेक्षा चांगली केली. काल आल्यापासून मी, सौ. आणि ओम पान न् पान उलटून बघतो आहोत. दोनशे चाळीस झाडांवर एक अळी नाही. अशी बाग व्हावी म्हणून मी तीस वर्षं जीव काढला आणि ती झाली ती याच आठवड्यात. तुमच्या परसातल्या लिंबावर आणि कढीपत्त्यावर कोणी फवारत नाही, तर अक्काला सांगून पंधरा-वीस अळ्या, शक्यतो दोन-तीन जातीच्या, पानांसकट भोकं पाडलेल्या खोक्यात घालून शनिवारच्या आत छगनबरोबर पाठवाव्यात. खोक्यावर काय आहे ते लिहू नये. पत्र लिहायचं खरं कारण हेच.

ता. क. ३ – पाकीट चिकटवायच्या आत हे पत्र ओमने वाचलं. माझ्यावर चिडला, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, तिथं एक खोटं बोललात तेवढं बास झालं. अंगणात जाऊन त्याने तिला फोन लावला (नंबर त्या पाटीच्या मागेच घेतलेला दिसतो) आणि सांगितलं की आमच्याकडं एक बी अळी न्हाई, आमी बेस्तवारी फवारलं. (पंप माझ्या पाठीवर होता, पण तो 'आमी' म्हणाला.) नंतर बराच वेळ त्याचं नुसतं 'व्हय, व्हय' चाललं होतं. आत येऊन म्हणाला की ती येणारच आहे. उरलेल्या तीन अळ्या कुंडीसकट आणणार आहे, कुंडी आमच्याकडेच ठेवायची आहे, आणि कडेच्या दहा झाडांना आता फवारा लावायचा नाही. सौ.ने घाबरत विचारलं, आन् चहा? तर म्हणाला, घेनार हाय. सौ. आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तेव्हा अळ्या पाठवू नका. त्याऐवजी रविवारी तुम्ही स्वतः या आणि ती कुंडी घरात आहे तोवर माझ्या शेजारून हलू नका. लागलं तर माझे दोन्ही हात धरून बसा. माझा माझ्यावर विश्वास आहे, दाजी, हातांवर नाही.